रस्त्याकडचा वाफा

आमच्या वन्संना घरात सगळे भिंगरी म्हणत. हे नाव त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या यजमानांनी, लहानपणी ठेवलं होतं आणि वन्संचे केस पांढरे झाले तरी ते काही सुटलं नाही. मी मात्र त्यांना वन्संच म्हणत आले. वयाने माझ्याहून मोठ्या, मानाने मोठ्या आणि उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागणाऱ्या. तरी त्या आत आल्या की खोली भरल्यासारखी वाटायची, कारण त्या एका जागी उभ्या राहत नसत. बोलता बोलता टेबलावरची फुलदाणी डावीकडे सरकायची, मग उजवीकडे, मग खिडकीत जायची. जेवणसुद्धा उभ्याने. ताट हातात घेऊन त्या घरभर फिरत जेवायच्या आणि शेवटचा घास कुठे संपला ते ताट सापडेल तिथे कळायचं.

मोठ्या रस्त्यावरच्या एका कापडाच्या दुकानात वन्सं शोकेस सजवायच्या. सगळा जन्म त्यातच गेला. दर गुरुवारी दुकान उघडण्याआधी त्या चपला काढून काच आणि मागची फळी यांच्यामधल्या अरुंद जागेत शिरायच्या. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, काखेत पुतळ्याचा एखादा हात. आठवडाभर उभे असलेले पुतळे उघडे करायच्या, फिरवायच्या, नवे कपडे चढवायच्या, घड्या पाडायच्या. सगळं झालं की रस्ता ओलांडून समोरच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहायच्या. बस पकडायला नव्हे, बघायला.

"लोक काय बोलतात ते ऐकायचं नसतं," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "तोंडावर सगळे छानच म्हणतात. चाल बघायची. समोरून जाताना माणसाची चाल मंदावली की मांडणी जमली. नाही मंदावली तर चपला काढायच्या आणि परत आत."

त्या परत आत गेल्या असं पुष्कळदा व्हायचं. मालक वैतागायचे, पण दुकान चालायचं.

स्वतःच्या आयुष्याचीही त्यांनी तशीच मांडणी बदलली. लग्न केलं होतं, दोनेक वर्षांत संपलं. कोणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "वाईट कोणीच नव्हतं. एकमेकांशेजारी शोभत नव्हतो एवढंच." पुढे भाड्याच्या खोल्या. एका खोलीत खिडकी चुकीच्या भिंतीला, दुसरीत जिना अंगावर येतो, तिसरीत सगळं बरोबर म्हणून कंटाळा आला. आमच्याकडे त्यांचा पत्ता पेन्सिलीने लिहिण्याची पद्धत होती.

मग एक दिवस दुकानाने शोकेसमध्ये मोठा टीव्हीसारखा पडदा बसवला. त्याच्यावर चित्रं आपोआप बदलायची, गुरुवारची वाट न बघता. वन्संना आतल्या काउंटरवर बसायला सांगितलं. त्या बसल्या. बसल्या म्हणजे आठवडाभर टिकल्या. मग टाचण्यांचा डबा पिशवीत घातला आणि गेल्या आपल्या खोलीवर.

त्याच वर्षी माझे यजमान गेले. वन्सं आल्या त्या एक बॅग घेऊन. "चार दिवस राहते," म्हणाल्या. मी त्यांना आतली खोली दिली. बॅग त्यांनी पलंगाखाली सरकवली, पण रिकामी केली नाही. लागेल तो कपडा वाकून काढायचा आणि धुऊन वाळला की पुन्हा बॅगेत. कपाट मी रिकामं करून दिलं होतं. ते रिकामंच राहिलं. त्या चार दिवसांना दोन वर्षं होऊन गेली तरी बॅग तशीच, आणि रोज खोली झाडताना कुंचा तिच्यावर आपटायचा.

आता वाफ्याबद्दल सांगायला हवं.

आमच्या घराच्या पुढे, रस्त्याला लागून, मातीची एक लांब पट्टी आहे. मधोमध फाटक, दोन्ही बाजूंना कमरेएवढं लाकडी कुंपण. एका टोकाला, जिथे बाहेरचा नळ आहे, तिथे मात्र कुंपण चांगलं पुरुषभर उंच आहे. तिथे आम्ही बादल्या, झाडू, नळी असलं ठेवतो आणि ते रस्त्यावरून दिसू नये म्हणून यांनी स्वतः फळ्या ठोकल्या होत्या. यांना बागकामातला एकच प्रकार आवडायचा. ज्यांना बहुवर्षायू म्हणतात ती, उन्हाळ्यात फुलणारी झाडं. एकदा लावायची, मग ती आपली आपण दरवर्षी उगवतात, फुलतात, सुकतात आणि जमिनीखाली स्वस्थ पडून राहतात. "झाडाने झाडाचं काम करावं, आपण खुर्ची टाकून बसावं," असं यांचं म्हणणं. हे स्वभावाने बसणारे होते. बहीण भिंगरी आणि भाऊ खुर्ची, एकाच आईच्या पोटी.

वाफ्यात केशरी डे लिली होती, पिवळ्या-तांबड्या चकत्यांसारखे गेलार्डिया होते, मध्येच कर्दळी. पण यांचा जीव होता अगापँथसवर. पट्टीसारखी लांब हिरवी पानं, त्यातून उन्हाळ्यात एक उंच दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला निळ्या फुलांचा भलामोठा गेंद. ते नाव कोणाच्याच तोंडात नीट बसत नव्हतं, म्हणून घरात त्याला नुसतं 'निळं' म्हणायचे. "निळं आलं का?" "निळ्याला पाणी नको आज." फाटकाच्या डाव्या हाताला त्याचा एकच मोठा गड्डा होता, बरीच वर्षं न हललेला. हे गेले त्या उन्हाळ्यातही तो असा फुलला की मला त्याचा राग आला होता.

वन्सं आल्या तेव्हा फुलं संपत आली होती. त्या फाटकाबाहेर गेल्या, रस्ता ओलांडला, समोरच्या शिंप्याच्या दुकानापाशी उभ्या राहिल्या आणि डोळे बारीक करून बघू लागल्या. परत आल्या त्या कपाळाला आठ्या घालून.

"मागे उंच, पुढे बुटकं, एवढंही कळत नव्हतं का गं माझ्या भावाला? आणि निळं एकीकडेच? फाटकाची एक बाजू लंगडी दिसते."

"यांनी तसंच लावलं होतं," मी म्हणाले.

"त्याने खुर्चीतून लावलं असेल."

पुढच्या गुरुवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन बाहेर आले तर वाफा अर्धा उकरलेला. वन्संनी फावड्याने निळ्याचा गड्डा उभा कापला होता आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना सारखे दोन भाग लावले होते. उरलासुरला एक तुकडा त्यांच्या मापात बसत नव्हता, तो त्यांनी नळामागे टाकला. डे लिली डावीकडून उजवीकडे गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती परत डावीकडे आली, कारण शेजारी गेलार्डिया 'अंगावर येत' होता. मग कर्दळींची पाळी.

झाडांना हे मानवेना. मुळं धरावीत तोवर फावडं हजर. पहिला उन्हाळा नुसता पानांवर गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात पानंही रोडावली. समोरचा शिंपी, मिश्कील म्हातारा, मशिनीवरून मान वर करून दर गुरुवारी ओरडायचा, "बाई, आज कोणाची बदली?"

"तुझीच करायला हवी," वन्सं म्हणायच्या. "त्या दारात तू अजिबात शोभत नाहीस."

"मला हलवलंत तर मीपण फुलणार नाही!"

वन्सं हसायच्या, पण घरात आल्या की हसू मावळायचं. त्यांना कळत नव्हतं अशातला भाग नाही. मी त्यांना रोपवाटिकेत घेऊन गेले होते. तिथल्या मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकच औषध आहे. हात खिशात ठेवा."

"माझ्या कपड्यांना खिसे नाहीत," वन्सं म्हणाल्या.

घरी येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "मला कळतं गं वहिनी. झाड हलवू नये हे कोणाला कळत नाही? पण सकाळ झाली की हात ऐकत नाहीत."

त्या हिवाळ्यात त्यांच्या मैत्रिणीचा फोन आला. ही मैत्रीण पूर्वी त्याच दुकानात गल्ल्यावर बसायची, आता दूरच्या गावी राहते. तिच्या घराच्या वरची खोली उन्हाळ्याच्या शेवटी रिकामी होणार होती. फोन ठेवून वन्सं स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्यावरचे डबे उंचीप्रमाणे लावायला लागल्या. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी सांगायचं आहे.

"ती बोलावते आहे. कायमची."

मी पीठ मळत होते. मळतच राहिले.

"मी म्हटलं, उन्हाळाअखेर सांगते," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, खरं सांगू का, मला इथे राहायला तोंड नाही. माझ्या भावाने एक गोष्ट धड केली होती आयुष्यात, तीही मी बंद पाडली. ह्या उन्हाळ्यात निळं फुललं तर राहीन. नाही फुललं तर जाईन. मग तू आग्रह करायचा नाहीस."

आग्रह मी तसाही केला नसता. आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर आम्हाला मागणं कसं नाकारावं ते छान शिकवायच्या, मागावं कसं ते कधी शिकवलं नाही. मी पीठ झाकून ठेवलं, हात धुतले आणि म्हणाले, "मग एक करार करू. उन्हाळा संपेपर्यंत वाफ्याला हात लावायचा नाही. एक झाड हलवायचं नाही."

"आणि गुरुवारी मी काय करू? भिंती चाटू?"

"घर आहे. घरात काय हवं ते हलवा."

हे मी फार सहज बोलून गेले.

वसंत सुरू झाला आणि माझं घर फिरायला लागलं. पहिल्या गुरुवारी पुस्तकांचं कपाट बाहेरच्या खोलीतून मधल्या वाटेत आलं. दुसऱ्या गुरुवारी माझा पलंग भिंतीला आडवा झाला, आणि सकाळी उठताना मी सवयीने डावीकडे पाय सोडले ते सरळ भिंतीवर. चमच्यांचा खण बदलला. चहाची पावडर साबणाशेजारी गेली, ती 'दोन्ही निळे डबे' म्हणून. जेवायचं टेबल खिडकीपाशी, मग दारापाशी, मग पुन्हा खिडकीपाशी पण तिरकं. मी रोज सकाळी त्या टेबलावर डायरी लिहिते. कधी उजेड डावीकडून येई, कधी पाठीवर, एकदा तर आलाच नाही. आणि लिहिण्यासारखं एकच होतं. निळ्याला दांडा नाही.

शिंपी माझी चौकशी करायचा. "वहिनी, आता तुमची बदली झाली म्हणे?"

"रोज नव्या घरात उठते," मी म्हणायचे.

वन्सं सकाळ-संध्याकाळ वाफ्यापाशी जायच्या. हात मागे घट्ट बांधून, शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या निळ्यापाशी वाकायच्या, पानं डोळ्यांनी चाळायच्या. मला त्यांच्याकडे बघवत नसे आणि न बघताही राहवत नसे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची, त्या आत आल्या की कणीक तिंबत असल्याचं सोंग करायची.

"काही आहे का?"

"पानं."

उन्हं तापली. एक दिवस मोठ्याने हाक आली, "वहिनी, लवकर!" मी धावले. डे लिलीवर पहिलं केशरी फूल उघडलं होतं. वन्सं त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या आणि अगदी पहिल्यांदाच मला त्या हालचाल न करता दिसल्या. सगळा दिवस त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला ते फूल दाखवलं. संध्याकाळी मी कपडे काढायला बाहेर आले तर त्या कावऱ्याबावऱ्या झालेल्या.

"गेलं गं! मिटून लोळागोळा झालं. देवाशपथ सांगते, मी बोटसुद्धा लावलं नाही!"

"ते एकच दिवसाचं असतं, वन्सं. उद्या शेजारची कळी उघडेल."

"रोज नवं?"

"रोज. कळ्या आहेत तोवर."

त्या विचारात पडल्या. "म्हणजे आपली आपण बदलतात." मग एकदम, "आणि कालचं? कालचं काढतं कोण?"

"काढलं तर बरं दिसतं. झाड हलवायचं नाही, एवढंच."

त्या दिवसापासून त्यांना सकाळचं काम मिळालं. उजाडल्यावर त्या केसांत पिना खोचून बाहेर पडायच्या आणि कालची मऊ पडलेली फुलं खुडून टोपलीत टाकायच्या. चिमटीने, हलक्या हाताने, पुतळ्याच्या खांद्यावरचा दोरा उचलावा तसं. मग रस्ता ओलांडून शिंप्याच्या दारात.

"आज काय हलवलंत?" शिंपी विचारायचा.

"आज तीच हलली. मी फक्त आवरलं."

गुरुवारी घरातली उलथापालथ थोडी कमी झाली. एका गुरुवारी तर फक्त घड्याळ सरकलं. मला वाटलं, चला, जमलं. पण वन्सं तशा फसणाऱ्या नव्हत्या. जेवताना ताट घेऊन खिडकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "केशरी कोणाच्याही दारात असतं. करार निळ्याचा आहे."

निळ्याची पानं मोठी झाली होती, तुकतुकीत झाली होती. पण दांडा नव्हता. मी स्वतः जाऊन पानं बाजूला करून बघितली, वन्सं नसताना. दोन्ही बाजूंना काही नाही. शेजारच्या गल्लीत कोणाच्या तरी दारात निळे गेंद डुलायला लागले होते. मी त्या गल्लीतून जाणं सोडलं आणि वन्सं बरोबर असतील तर लांबचा रस्ता घ्यायची. त्यांच्या मैत्रिणीचा आणखी एकदा फोन आला. खोलीला रंग देत होते. कुठला देऊ, असं ती विचारत होती.

"कुठलाही दे," वन्सं म्हणाल्या. कुठलाही! वन्संच्या तोंडून!

आणि मग एका दुपारी त्या हात धुवायला बाहेरच्या नळावर गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. मी बघायला गेले. नळ तसाच सुरू होता आणि वन्सं बादल्या बाजूला सारून नळामागे वाकल्या होत्या.

भिंत आणि उंच कुंपण यांच्या बेचक्यात, झाडूच्या मागे, त्यांनी टाकून दिलेला तो तुकडा वाढला होता. नळाचं गळकं पाणी, दुपारचं सरळ डोक्यावरचं ऊन, आणि कोणाचा हात नाही. पानांच्या मधून गुडघ्याहून उंच दांडा आलेला आणि टोकाला फिकट हिरवी, चोचीसारखी बंद कळी. तिच्या एका बाजूला बारीक चीर पडली होती आणि चिरेतून निळं दिसत होतं.

मी नळ बंद केला.

"आलं," मी म्हणाले. माझा आवाज मला वेगळाच वाटला. "वन्सं, आलं की!"

वन्सं सरळ झाल्या. कुंपणाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मी त्यांचा चेहरा ओळखत होते. डोळे बारीक झाले होते.

"इथे कोणाला दिसणार?" त्या म्हणाल्या. "पुढे न्यायला हवं."

"नाही."

"मातीच्या मोठ्या गोळ्यासकट काढते. कळणारसुद्धा नाही त्याला."

"वन्सं, नाही. कळी आहे. आत्ता हलवलं तर गळेल."

"अगं, पण झाडूमागे? झाडूमागे फुललेलं काय फुललेलं? आतल्या गोदामात माल कितीही छान असला तरी दुकान चालत नाही."

"हे दुकान नाही!"

मी ओरडले होते. मी घरात कधी ओरडत नाही. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी थांबायला हवं होतं, पण तोंडातून निघून गेलं, "निळं फुललं तर राहीन म्हणालात. कुठे फुलायला हवं ते म्हणाला नव्हतात. तुम्हाला जायचंच असेल तर सरळ जा. त्यासाठी झाड मारू नका."

त्या आत निघून गेल्या. रात्री जेवल्या त्या बसून. टेबलाशी, खुर्चीवर, सरळ.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता आणि घरातली एकही वस्तू हलली नाही. चमचे होते तिथेच. पलंग तोच. मी सगळ्या खोल्यांतून दोनदा फिरून आले. कपाट, घड्याळ, डबे, सगळं कालचं. याआधी मी किती गुरुवार मनात म्हटलं असेल की एकदा तरी हे घर जागेवर राहू दे. आता ते राहिलं होतं आणि मला त्यात बसवेना. वन्संच्या खोलीचं दार उघडं होतं. बॅग पलंगाखालून बाहेर आली होती आणि दारापाशी उभी होती.

पुढचे दिवस असेच. कळी रोज थोडी फुगायची. वन्सं सकाळी केशरी फुलं खुडायच्या, नळापाशी जाऊन उभ्या राहायच्या, आत यायच्या. बॅग दारापाशीच. मी ती ओलांडून खोली झाडायची. मी आधी बोलेन, त्या आधी बोलतील, अशी दोघी वाट बघत होतो आणि दोघींना बोलायला फक्त दूध, वर्तमानपत्र आणि ऊन एवढेच विषय उरले होते.

पुढच्या बुधवारी सकाळी मी केस विंचरत होते. नळाच्या बाजूने लोखंडाचा आवाज आला. करकर, मग ठक्क. फावडं! फणी केसांत तशीच ठेवून मी अनवाणी पळाले. मनात एकच, गुरुवारपर्यंतसुद्धा थांबल्या नाहीत.

वन्सं कुंपणाशी भिडल्या होत्या. हातात फावडं नव्हतं, यांची हातोडी होती, मागच्या बाजूला खिळे उपटायची चीर असलेली. दोन्ही पाय रोवून त्या उंच कुंपणाच्या फळीतून खिळा ओढत होत्या. एक फळी आधीच खाली पडलेली.

"वन्सं! कुंपण!"

"बाजूला हो, पायाला लागेल."

"अहो, यांनी ठोकलेलं आहे ते!"

"म्हणूनच निघत नाहीये. कारण नसताना जास्तीचे खिळे मारायची सवयच त्याला." त्यांनी हातोडीला झटका दिला. "झाड हलवायचं नाही, ही तुझी अट. कुंपणाबद्दल तू चकार शब्द काढला नव्हतास."

दुसरी फळी सुटली. त्यांनी ती भिंतीला टेकवली, कपाळावरचा घाम खांद्याने पुसला आणि धापा टाकत म्हणाल्या, "दुकानात आमच्याकडे एक दगडी पुतळा होता. जड. चार माणसांनाही हलायचा नाही. मग आम्ही त्याच्यापुढचा पडदा कापायचो. वस्तू हलत नसेल तर अडसर काढायचा. इतकं साधं. आठवडाभर माझ्या डोक्यात आलं नाही, म्हातारी झाले."

मग बादल्या गेल्या, झाडू गेले, नळीची गुंडाळी गेली. उघड्या फटीतून सकाळचा उजेड आत आला आणि थेट कळीवर पडला. कळीचं टरफल रात्रीच फाटलं असावं. बाहेरच्या बाजूची चार-पाच फुलं उघडली होती, बाकी मिटलेलीच. अर्धामुर्धा गेंद. पण निळा. यांचा होता तोच.

वन्संनी माझ्या केसांतली फणी काढून माझ्या हातात दिली आणि रस्ता ओलांडून गेल्या. मीही गेले मागोमाग, अनवाणीच.

शिंपी दुकान उघडत होता. "अरेरे, कुंपणाचे दात पडले की!"

"गप्प बस आणि बघ," वन्सं म्हणाल्या.

आम्ही तिघं त्याच्या पायरीवर उभे राहिलो. एक बाई हातात डबा आणि पर्स घेऊन घाईने गेली. बघितलं नाही. दोन मुली बोलत गेल्या. बघितलं नाही. सायकलवाला गेला, त्याचा प्रश्नच नव्हता. वन्सं पदर बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"अजून पुरतं उघडलं नाही ना," मी म्हणाले. "उद्या—"

"चाल बघ, वहिनी. बोलू नकोस."

एक माणूस आला. साधाच, हातात पावाची पिशवी, झोप न झालेला चेहरा. फटीसमोरून गेला, पुढे गेला, फाटकही ओलांडलं. मग त्याची चाल मंदावली. तो उभा राहिला, मागे वळला, चार पावलं परत आला आणि मान वाकडी करून फटीतून आत बघू लागला.

वन्संनी माझा दंड असा धरला की नखं रुतली. तो माणूस गेला तरी दंड सोडला नाही.

"जमलं का बाई?" शिंप्याने विचारलं, खरंच हळू आवाजात.

"फट थोडी अरुंद आहे," वन्सं म्हणाल्या. "पण जमलं."

दिवसभर त्या फटीशी आणि शिंप्याच्या पायरीशी येरझारा घालत होत्या. मैत्रिणीचं नावही निघालं नाही. मी विचारलं नाही. दारापाशी बॅग होती, ती मी जाता-येता बघत होते. संध्याकाळी मी त्या दोन फळ्या उचलल्या. यांच्या हातचे खिळे त्यांत वाकडे होऊन अडकले होते.

"वन्सं, ह्यांचं काय करायचं? फुलं संपली की परत ठोकायच्या ना?"

त्या टोपलीतली सुकलेली केशरी फुलं रिकामी करत होत्या. "आत्ता कशाला? पुढच्या वर्षी फाटकापाशीची दोन्ही फुलतील. तेव्हा रस्त्यावरून सगळं एकदम कसं दिसतं ते बघू, मग ठरवू. तोवर नीट ठेव. वाळवी लागेल अशा जागी नको."

"ठेवू कुठे? लांब आहेत."

"माझ्या पलंगाखाली जागा आहे की."

त्यांनीच फळ्या आत नेल्या. सरकवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कपाटाची दारं उघडत-मिटत राहिली, खण ओढले गेले, हँगर एकमेकांवर आपटले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि दूध उतू गेलं तेही मला कळलं नाही.

थोड्या वेळाने त्या रिकामी बॅग हातात घेऊन दारात आल्या. ती कुठे ठेवू असं विचारायला आल्या असाव्यात, पण त्यांची नजर माझ्या टेबलावर गेली. डोळे बारीक झाले.

"हे टेबल इथे कोणी ठेवलं?"

"तुम्हीच."

"छे," वन्सं म्हणाल्या. "उद्या गुरुवार आहे ना?"